शंका-समाधान : परीक्षा ‘गिव्ह’ करायची की ‘टेक’?

या वेळी इंग्रजीबद्दल आलेल्या पत्रांत ‘टेक’ हे क्रियापद इतक्यांदा भेटले की सगळे सदर त्यालाच द्यावे असे ठरले. ‘टेक म्हणजे घेणे’ हे आपण शाळेत पाठ करतो. ते खोटे नाही, पण तेवढ्या भांडवलावर वाक्ये करायला गेले की गाडी अडते. कारण मराठीत जिथे ‘घेणे’ येते तिथे इंग्रजीत ‘गेट’, ‘बाय’, ‘मेक’, ‘हॅव’ यांपैकी काहीही येऊ शकते, आणि जिथे मराठीत ‘लागणे’, ‘नेणे’, ‘काढणे’, ‘देणे’ असते तिथे नेमके ‘टेक’ येते. इंग्रजी वाक्ये खाली देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचावीत, नुसती डोळ्यांनी नव्हे.

प्रश्न : मी बारावीला आहे. ‘आय गेव्ह द एक्झाम’ या वाक्यावर सरांनी लाल रेघ मारली. घरी, शिकवणीत सगळे असेच बोलतात. चूक काय आहे?
(विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : सरांचे बरोबर आहे. परीक्षेच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी एकमेकींच्या अगदी उलट चालतात. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि बोर्ड ती घेते. इंग्रजीत प्रश्नपत्रिका हातात देणारा तो ‘गिव्ह’ करणारा, आणि ती घेऊन सोडवायला बसणारा तो ‘टेक’ करणारा. तेव्हा तुम्ही म्हणायचे, ‘आय टुक द एक्झाम इन मार्च.’ सर म्हणतील, ‘आय गेव्ह देम अ टेस्ट ऑन मंडे.’ तुमचे ‘आय गेव्ह द एक्झाम’ आपल्याकडे सगळ्यांना कळते. बाहेरच्या माणसाला मात्र तुम्ही शिक्षिका आहात असे वाटेल.

ब्रिटनमध्ये ‘सिट ॲन एक्झाम’ असेही म्हणतात. ‘राइट ॲन एक्झाम’ हे दक्षिण भारतात सर्रास ऐकू येते, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेतही चालते. आपल्या बोर्डाच्या कागदांत ‘अपिअर फॉर’ असते, तेही भारतात मान्य आहे. यातले कोणतेही वापरा, ‘गिव्ह’ तेवढे सोडा. आणखी एक : ‘टेक’ म्हणजे परीक्षेला बसणे, उत्तीर्ण होणे नव्हे. त्यासाठी ‘पास’ आहे. ‘आय टुक द ड्रायव्हिंग टेस्ट’ एवढ्यावर लायसन्स मिळाले की नाही ते कळत नाही.

‘क्लास घेणे’ याचेही असेच. आपल्याकडे ‘सर क्लास टेक करतात’. अमेरिकेत ‘आय ॲम टेकिंग अ क्लास’ म्हणणारा विद्यार्थी असतो, शिकवणारा ‘टीच’ करतो. ब्रिटनमध्ये मात्र ‘मिसेस अमुक टेक्स अस फॉर मॅथ्स’ असे शिक्षकाबद्दलही म्हणतात. म्हणून घरी शिकवण्या घेणाऱ्यांनी अर्जात ‘आय टेक ट्यूशन्स’ न लिहिता ‘आय टीच ट्वेल्थ-स्टँडर्ड स्टुडंट्स ॲट होम’ असे सरळ लिहावे. मुलाखतीचेही लक्षात ठेवा. मुलाखत घेणारा ‘इंटरव्ह्यू’ करतो, म्हणजे ‘दे इंटरव्ह्यूड मी’. देणारा म्हणतो, ‘आय हॅड ॲन इंटरव्ह्यू.’ तिथे ‘टेक’ही नको आणि ‘गिव्ह’ही नको. हजेरी मात्र बिनधास्त ‘टेक’ करा : ‘द टीचर टुक अटेंडन्स.’

प्रश्न : आमचे चादरी-टॉवेलांचे दुकान आहे. परप्रांतातले, कधी परदेशातलेही गिऱ्हाईक येते. ‘आय विल टेक टू’ असे ते म्हणतात. मग ‘यू टुक टू चादर्स लास्ट टाइम’ असे मी म्हटले तर समोरचा चमकतो का?
(दुकानदार, नवी पेठ)

उत्तर : चमकण्यासारखेच आहे. दुकानात उभे राहून ‘आय’ल टेक टू’ म्हणणे म्हणजे ‘दोन द्या’, मी पसंत केले. हे वाक्य निवड करण्याच्या क्षणापुरते आहे. तोच व्यवहार नंतर सांगताना ‘टुक’ म्हटले की पैसे न देता उचलून नेल्याचा वास येतो. नंतर सांगायचे ते ‘बॉट’ने : ‘यू बॉट टू चादर्स फ्रॉम अस लास्ट टाइम.’ मराठीत ‘मागच्या वेळी दोन घेतल्या होत्या’ हे दोन्हीकडे चालते, म्हणून आपली फसगत होते.

दुकानातच उपयोगी पडणारी आणखी तीन वाक्ये. कार्ड किंवा ऑनलाइन पैसे चालतात हे सांगायला ‘वी टेक कार्ड्स अँड यूपीआय.’ वस्तू परत घेणार नसाल तर बोर्डावर काय लिहाल? ‘वी डू नॉट टेक बॅक सोल्ड गुड्स’ हे समजते, पण ‘नो रिटर्न्स’ लहान आणि पक्के. आणि घासाघीस करताना ‘हाऊ मच विल यू टेक फॉर धिस?’ असे गिऱ्हाईक विचारेल. याचा अर्थ ‘शेवटचे काय घेणार?’ छापील भाव सांगून थांबू नका. तो तुमचा शेवटचा आकडा विचारतो आहे.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑर्डरचे काम बघतो. ईमेलमध्ये ‘किती दिवस लागतील’ हे रोज लिहावे लागते. आमच्याकडे ‘लई वेळ लागालाय’ म्हणतात, तसे इंग्रजीत कसे? माझ्या वाक्यांवरून दोनदा गैरसमज झाला.
(ऑर्डर सुपरवायझर)

उत्तर : वेळेसाठी ‘टेक’ हे या क्रियापदाचे सर्वांत कामाचे रूप आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

मूळ साचा पाच तुकड्यांचा : ‘इट’, मग ‘टेक्स’ किंवा ‘टुक’ किंवा ‘विल टेक’, मग माणूस, मग वेळ, मग ‘टू’ लावून क्रिया. ‘इट टुक मी फोर अवर्स टू रीच पुणे.’ माणूस महत्त्वाचा नसेल तर तो तुकडा काढून टाका : ‘इट टेक्स फोर अवर्स टू रीच पुणे.’ चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली : ‘इट टुक टू मी’. माणसाच्या आधी ‘टू’ नको. दुसरी : ‘फॉर रीचिंग’. तिथे ‘टू रीच’ हवे. तिसरी : ‘रीच टू पुणे’. ‘रीच’ला शब्दयोगी लागत नाही. आपण ‘पुण्याला पोचलो’मधला ‘ला’ इंग्रजीत ओढत नेतो, म्हणून हे होते.

‘आय टुक फोर अवर्स’ हेही व्याकरणात बसते, पण त्यात वेळ तुम्ही लावला असा सूर येतो. गाडी उशिरा धावली असेल तर दोष अंगावर का घ्यायचा? ‘इट’ने सुरुवात करा. ईमेलमध्येही तेच. ‘वी विल टेक ट्वेंटी डेज’ वाचणाऱ्याला हा कारखाना सावकाश चालतो असे वाटते. ‘द ऑर्डर विल टेक ट्वेंटी डेज’ म्हटले की तो कामाचा स्वाभाविक वेळ ठरतो.

तुमचे गैरसमज बहुधा ‘टेक’मुळे नसून त्याच्या पुढच्या शब्दांमुळे झाले असावेत. वीस दिवस कोणत्या दिवसापासून, हे लिहिले नाही तर ग्राहक ईमेलच्या तारखेपासून मोजतो आणि तुम्ही ॲडव्हान्स जमा झाल्यापासून. वाक्य असे पूर्ण करा : ‘द ऑर्डर विल टेक ट्वेंटी डेज फ्रॉम द डेट वी रिसीव्ह द ॲडव्हान्स.’ सुट्टीचे दिवस धरायचे नसतील तर ‘ट्वेंटी वर्किंग डेज’. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत कामगार कमी असणार हे तुम्हाला माहीत असते, ग्राहकाला नाही. तेव्हा त्या काळात तारीखच लिहिणे शहाणपणाचे. आणि ‘विदिन ट्वेंटी डेज’ म्हणजे विसाव्या दिवसापर्यंत कधीही, ‘इन ट्वेंटी डेज’ म्हणजे साधारण विसाव्या दिवशी, ‘आफ्टर ट्वेंटी डेज’ म्हणजे वीस दिवस उलटून गेल्यावर. ‘वीस दिवसांनी’ हा एकच शब्द मनात ठेवून ‘आफ्टर’ लिहिले जाते आणि समोरचा एकविसाव्या दिवसाच्या पुढे कधीतरी माल येईल असे धरून बसतो.

प्रश्न विचारताना ‘हाऊ लाँग डज इट टेक टू वीव्ह वन पीस?’ ‘हाऊ मच टाइम इट टेक्स?’ यात ‘डज’ गळलेला आहे. आणि ‘डज’ आला की ‘टेक्स’मधला ‘स’ जातो.

आता ‘लागालाय’. हे सोलापुरी रूप चालू असलेल्या कामाचे, म्हणून इंग्रजीतही चालू काळ : ‘इट’स टेकिंग टू लाँग.’ कुणी विचारेल, ‘व्हाय इज इट टेकिंग सो लाँग?’ त्याला उत्तर ‘डाइंग (म्हणजे रंगाई) इज टेकिंग लाँगर दॅन वी एक्स्पेक्टेड.’ ‘एवढा वेळ लागतो’ असे नेहमीचे सांगायचे असेल तर साधा काळ, ‘इट टेक्स’. आज, आता, अजून संपलेले नाही, असे असेल तर ‘इट’स टेकिंग’. लागालाय आणि लागतोय एकच, पण लागतो आणि लागतोय यांत फरक आहे. तो कानाला ठाऊक असलेला फरक इंग्रजीत नेला की काम भागते.

माणसे लागतात तेव्हाही ‘टेक’ चालते : ‘इट टेक्स टू पीपल टू लिफ्ट धिस बीम.’ पण पैसे लागले तर ‘कॉस्ट’ : ‘इट कॉस्ट अस टेन थाउजंड रुपीज.’ भूतकाळातही ‘कॉस्ट’च, ‘कॉस्टेड’ नाही. सूत लागेल, तर ‘नीड’ : ‘हाऊ मच यार्न विल वी नीड?’ ‘लागणे’ पाहून ‘टेक’ लिहायच्या आधी काय लागते आहे ते बघा. वेळ, मेहनत, माणसे असली तर ‘टेक’. वस्तू आणि पैसा असला तर सहसा नाही.

प्रश्न : मशीन बसवायला चिनी तंत्रज्ञ आले होते. ते ‘आय ईट मेडिसिन’, ‘आय सिट बस’, ‘आय स्पेंड टू डेज टू फिक्स’ असे बोलतात. आम्हीही ‘गोळी ईट केली का’ म्हणतो. दोघांच्या चुका सारख्या कशा?
(मेंटेनन्स फिटर, चिंचोळी एमआयडीसी)

उत्तर : तुमचे निरीक्षण अचूक आहे. चिनी बोलणारा आणि मराठी बोलणारा दोघेही आपापल्या भाषेतून इंग्रजीत उतरतात, आणि काही ठिकाणी या दोन भाषांचे वळण एकच आहे.

चिनीत औषध ‘खातात’. त्यांचा शब्दप्रयोग ‘छ याओ’, म्हणजे शब्दशः खा आणि औषध. आपणही गोळी खातो, काढा पितो. इंग्रजीत गोळी असो वा पातळ औषध, दोन्हीला ‘टेक’. चिनीत बसने जाणे म्हणजे बस ‘बसणे’, त्यांचे क्रियापद ‘त्सुओ’. आपण ‘हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलो’ म्हणतो ते प्रवासाबद्दलच असते. इंग्रजीत ‘आय सॅट इन द ट्रेन’ म्हणजे नुसता आसनावर बसलो. प्रवास सांगायचा तर ‘आय टुक द हुतात्मा एक्सप्रेस टू पुणे.’ रिक्षा, बस, विमान, जिना आणि लिफ्टसुद्धा ‘टेक’ करायची. स्वतःची मोटारसायकल मात्र ‘राइड’ आणि कार ‘ड्राइव्ह’.

तिसरे वाक्य त्यांचे खास. चिनीत वेळ ‘ह्वा’ करतात, म्हणजे खर्च करतात, आणि कर्ता बहुधा माणूस असतो. म्हणून ते ‘आय स्पेंड टू डेज टू फिक्स’ म्हणतात. इंग्रजीत ‘स्पेंड’नंतर ‘इंग’ लागते : ‘आय स्पेंट टू डेज फिक्सिंग इट.’ नाहीतर ‘इट टुक मी टू डेज टू फिक्स इट.’ दोन साच्यांची सरमिसळ करू नये.

‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ यांत मात्र आपण आणि ते एकाच बाकावर. चिनीत सोबत बाळगणे यासाठी ‘ताय’ आहे. त्याला ‘लाय’ जोडले की घेऊन येणे, ‘छ्यू’ जोडले की घेऊन जाणे. मराठीचे ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ नेमके तसेच बांधलेले आहे. त्यामुळे आपल्या तोंडी ‘टेक इट अँड कम’ येते. इंग्रजीत दिशा क्रियापदातच असते : बोलणाऱ्याकडे यायचे तर ‘ब्रिंग’, दूर न्यायचे तर ‘टेक’. ‘ब्रिंग द स्पॅनर’ म्हणजे पाना इकडे आण. ‘टेक द स्पॅनर टू हिम’ म्हणजे पाना त्याच्याकडे ने. जाऊन घेऊन परत यायचे असेल तर एकच शब्द, ‘फेच’. मुलीला शाळेत ‘सोडायला’ जाणे हेसुद्धा ‘टेक’ : ‘आय टेक माय डॉटर टू स्कूल.’ तिथे ‘लीव्ह’ वापरू नका.

एक सावधगिरी कामाची. चिनी क्रियापदाचे रूप काळानुसार बदलत नाही. काळ हा ‘काल’, ‘उद्या’ अशा शब्दांवरून किंवा क्रियापदाला जोडलेल्या छोट्या शब्दांवरून कळतो. म्हणून तंत्रज्ञ ‘आय टेक द मोटर’ म्हणाला तर नेली की नेणार, हे त्याच्या क्रियापदावरून ठरवू नका. ‘यस्टरडे ऑर टुमॉरो?’ असे विचारून तारीख कागदावर लिहून घ्या. ज्या सोलापुरातून डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तिथे राहून चिनी शिकले, त्या गावात हे दोन-चार चिनी शब्द परके वाटू नयेत. आलेल्या पाहुण्याला त्याच्या भाषेत एखादा शब्द ऐकवला की काम हलके होते.

प्रश्न : नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. रुग्णाला इंग्रजीत सूचना देताना ‘टेक’ कुठे, ‘गिव्ह’ कुठे, याचा घोळ होतो.
(विद्यार्थिनी, सात रस्ता)

उत्तर : गोळी, सिरप, इन्सुलिन हे रुग्ण ‘टेक’ करतो. इंजेक्शन तुम्ही ‘गिव्ह’ करता आणि रुग्ण ते ‘हॅव’ किंवा ‘गेट’ करतो. इन्सुलिन स्वतःच टोचून घेतो म्हणून तिथे ‘टेक’ चालले. लस असेल तर ‘गेट व्हॅक्सिनेटेड’.

सूचनेत आकड्यांची जागा जपा, कारण चूक अंगाशी येते. ‘टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे’ म्हणजे दिवसाला दोन गोळ्या. ‘टेक टू टॅब्लेट्स ट्वाइस अ डे’ म्हणजे चार. ‘टेक टू टॅब्लेट्स अ डे’ म्हटले तर दोन्ही एकदम घ्यायच्या की सकाळ-संध्याकाळ, हे कळतच नाही. ते वाक्य वापरूच नका. ‘एव्हरी सिक्स अवर्स’ म्हणजे चोवीस तासांत चार वेळा, आणि त्यात रात्रीचाही एक डोस येतो, हे रुग्णाला वेगळे सांगावे. सिरपसाठी ‘वन स्पून’ नको. घरोघरी चमचे वेगळे असतात. ‘फाइव्ह एमएल’ म्हणा आणि बाटलीबरोबरचे माप दाखवा. जेवणानंतर म्हणजे ‘आफ्टर फूड’, रिकाम्या पोटी म्हणजे ‘ऑन ॲन एम्प्टी स्टमक’.

विचारताना ‘हॅव यू टेकन युवर टॅब्लेट?’ ‘डिड’ वापरायचे असेल तर ‘डिड यू टेक’. ‘डिड यू टुक’ हे कधीच नाही. भूतकाळ ‘डिड’ने उचलला, आता क्रियापद मूळ रूपात राहते. ‘हॅव’नंतर ‘टेकन’, ‘टुक’ नव्हे. ‘टुक’चा उच्चार ऱ्हस्व : ‘बुक’सारखा.

तुम्ही स्वतः करायच्या कामांत ‘टेक’ पुष्कळ : ताप बघणे ‘टेक युवर टेम्परेचर’, रक्तदाब मोजणे ‘टेक युवर ब्लड प्रेशर’, रक्त काढणे ‘टेक अ ब्लड सॅम्पल’, टाके काढणे ‘टेक आउट द स्टिचेस’. छातीचा एक्स-रे काढताना सांगायचे, ‘टेक अ डीप ब्रेथ. होल्ड इट. नाउ ब्रीद आउट.’ ‘ब्रेथ’ हे नाम, ‘ब्रीद’ हे क्रियापद. नुसता ‘श्वास घ्या’ म्हणजे ‘ब्रीद’ किंवा ‘ब्रीद इन’, ‘टेक ब्रीद’ नाही.

प्रश्न : मी घरी शिवणकाम करते, युनिफॉर्मचे कामही येते. ऑनलाइन ऑर्डरच्या चिठ्ठीत ‘टेक इन’, ‘टेक अप’, ‘लेट आउट’ असे लिहिलेले असते. नेमके काय करायचे?
(शिवणकाम करणाऱ्या वाचक, अशोक चौक)

उत्तर : ही चार शब्दांची जोडी आहे, एकदा समजली की विसरत नाही. ‘टेक इन’ म्हणजे शिवण आत घेऊन कपडा अंगाला घट्ट करणे. ‘लेट आउट’ म्हणजे आतली मार्जिन सोडून सैल करणे. ‘टेक अप’ म्हणजे लांबी कमी करणे, खालून दुमडून. ‘लेट डाउन’ म्हणजे दुमडलेले सोडून लांबी वाढवणे. घेराला ‘इन’ आणि ‘आउट’, लांबीला ‘अप’ आणि ‘डाउन’. ‘टेक मेझरमेंट्स’ म्हणजे माप घेणे, तिथे काही घोळ नाही.

खरा घोळ इंचांत होतो. चिठ्ठीत ‘टेक इन हाफ ॲन इंच ॲट द साइड सीम्स’ लिहिले असेल आणि तुम्ही दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच आत मारल्या, तर पुढचा भाग आणि मागचा भाग धरून प्रत्येक शिवणीत एक इंच जातो. एकूण घेर दोन इंचांनी कमी होतो. गिऱ्हाइकाच्या मनात एकूण अर्धा इंच असेल तर ब्लाउज बसणारच नाही. म्हणून कापायच्या आधी विचारा : ‘हाफ ॲन इंच इन टोटल, ऑर ऑन ईच सीम?’ आणि ‘लेट आउट’ मागितले तर आधी आतली मार्जिन पाहा. ती नसेल तर सरळ लिहा, ‘देअर इज नो एक्स्ट्रा फॅब्रिक टू लेट आउट.’

प्रश्न : ‘घेणे’ असलेले मराठी शब्दप्रयोग आणि त्यांचे इंग्रजी यांची एक यादी द्याल का? मुलांना शिकवायला हवी.
(निवृत्त शिक्षक, विजापूर रोड)

उत्तर : यादी पाठ करून घेण्यापेक्षा तीन गटांत वाटून दिली तर मुले लवकर पकडतात.

पहिल्या गटात जसेच्या तसे ‘टेक’ : काळजी घेणे ‘टेक केअर ऑफ’, भाग घेणे ‘टेक पार्ट इन’, शपथ घेणे ‘टेक ॲन ओथ’, जबाबदारी घेणे ‘टेक रिस्पॉन्सिबिलिटी फॉर’, सूड घेणे ‘टेक रिव्हेंज ऑन’. यात शेवटचा छोटा शब्द चुकतो, म्हणून तो जोडूनच शिकवावा. ‘टेक पार्ट’नंतर ‘इन’ यायलाच हवे. फायदा घेणे ‘टेक ॲडव्हांटेज ऑफ’ हेही याच गटातले, पण ते माणसाबद्दल वापरले की गैरफायदा होतो. सवलतीचा फायदा घ्या, शेजाऱ्याचा नको.

दुसऱ्या गटात ‘टेक’ अजिबात चालत नाही. जन्म घेणे ‘बी बॉर्न’, धडा घेणे ‘लर्न अ लेसन’, माहिती घेणे ‘गेट इन्फर्मेशन’, सही घेणे ‘गेट अ सिग्नेचर’, परवानगी घेणे ‘गेट परमिशन’, शिक्षण घेणे ‘गेट ॲन एज्युकेशन’ किंवा नुसते ‘स्टडी’. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे ‘डोन्ट वरी’. ‘डोन्ट टेक टेन्शन’ हे आपल्या देशापुरते चलनी नाणे आहे.

तिसरा गट वादाचा. निर्णय घेणे : ‘मेक अ डिसिजन’ सगळीकडे चालते, ‘टेक अ डिसिजन’ ब्रिटिश इंग्रजीत चालते. मुलांना ‘मेक’ शिकवावे असे आमचे मत, कारण ते कुठेही अडत नाही. रजा घेणे : कार्यालयात ‘टेक लीव्ह’ ठीक, पण ‘टेक माय लीव्ह’ म्हणजे निरोप घेणे. एका दिवसाची सुट्टी असेल तर ‘टेक अ डे ऑफ’ सर्वांत स्पष्ट.

प्रश्न : ‘टेक बाथ’ की ‘हॅव बाथ’? आणि चहा ‘टेक’ करतात की ‘ड्रिंक’?
(गृहिणी, होटगी रोड)

उत्तर : दोन्ही बरोबर, मात्र मध्ये ‘अ’ हवा : अमेरिकेत ‘टेक अ बाथ’, ब्रिटनमध्ये ‘हॅव अ बाथ’. चहा-जेवण-नाष्ट्याला आज ‘हॅव’ वापरतात. ‘टेक ब्रेकफास्ट’ जुन्या वळणाचे वाटते. चहात साखर घेता का, हे मात्र ‘डू यू टेक शुगर?’ असे अजूनही विचारतात.

प्रश्न : देवळाबाहेर बोर्ड लिहायचा आहे. ‘टेक ऑफ शूज’ बरोबर की ‘पुट ऑफ शूज’?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ‘टेक ऑफ’. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. सिद्धेश्वर मंदिरासारख्या ठिकाणी चपला, सँडल, बूट सगळेच आले, म्हणून ‘शूज’ऐवजी ‘फुटवेअर’ लिहा : ‘प्लीज टेक ऑफ युवर फुटवेअर हिअर.’ अधिक औपचारिक हवे असेल तर ‘प्लीज रिमूव्ह युवर फुटवेअर’. बोलताना शब्दांचा क्रम सांभाळा. ‘टेक ऑफ युवर शूज’ आणि ‘टेक युवर शूज ऑफ’ दोन्ही चालतात, पण ‘देम’ आले की ते मध्येच बसते : ‘टेक देम ऑफ.’ ‘टेक ऑफ देम’ म्हणत नाहीत. ‘टेक इन’, ‘टेक अप’, ‘टेक बॅक’ यांनाही हाच नियम. ‘टेक आफ्टर’ मात्र अपवाद. ते कधी फुटत नाही : ‘शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर’, म्हणजे ती आजीवर गेली आहे. ‘टेक हर आफ्टर’ होणार नाही.

प्रश्न : रेल्वेत शेजारी कुणी ‘इज धिस सीट टेकन?’ विचारले, तर ‘यस’ म्हणायचे की ‘नो’?
(महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : जागा रिकामी असेल तर ‘नो’. तो विचारतो आहे, ‘इथे कुणी आहे का?’ घाईत ‘यस, यस, सिट’ म्हटले की तो पुढच्या डब्याकडे निघतो. ‘नो, प्लीज सिट डाउन’ म्हणा. कुणी चहा आणायला उतरले असेल तर ‘यस, सॉरी, इट’स टेकन.’